गावात बसून लोकशाहीची पाश्चात्त्य मुळं कशी वाचावीत

अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीचे दोन-तीन आठवडे या कामाला सगळ्यात चांगले. गहू-हरभरा घरात आलेला असतो, पऱ्हाट्या उपटून झालेल्या असतात, पोरांच्या परीक्षा संपत आलेल्या असतात. अखाजीला लेकी माहेरी आल्या की बैठकीला दहा गावांचा अनुभव आपोआप येऊन बसतो.

मी अमळनेर तालुक्यातल्या एका गावात राहते. माध्यमिक शाळेत इतिहास शिकवला, आता निवृत्त आहे आणि उन्हाळ्यात संध्याकाळी गावात अभ्यासमंडळ चालवते. मतदान, समता, नागरिक, राष्ट्र हे शब्द आपल्या तोंडात रोज असतात. युरोप-अमेरिकेत ते कोणत्या भांडणांतून घडले, हे आम्ही मिळून वाचतो. असं मंडळ तुमच्या गावात बसवायचं असेल तर काय करावं, ते सांगते.

पहिली गोष्ट जागेची. मारुतीचा पार सोयीचा वाटतो, पण तिथे बसू नका. पारावर गावातली सगळी माणसं सारख्या मोकळेपणाने बसत नाहीत, आणि बायका तर बसतच नाहीत. जिल्हा परिषदेच्या शाळेचा ओटा किंवा वाचनालय घ्या. भिल्ल वस्तीतल्या, मळ्यातल्या माणसांना स्वतः जाऊन सांगा. व्हॉट्सॲपवर निरोप टाकला की नेहमीचीच माणसं येतात. स्पर्धा परीक्षेची मुलं, बचत गटाच्या बायका आणि एक-दोन म्हातारी माणसं एवढे जमले तरी सुरुवात करा. मुलांना सनावळ्या पाठ असतात. प्रश्न मात्र बायका विचारतात.

एक जाड वही ठेवा. प्रत्येक प्रसंगाला एक पान द्या. भांडण कशावरून झालं, ‘आम्ही’ म्हणणाऱ्यांत कोण होतं, बाहेर कोण राहिलं, आणि बाहेरच्यांनी पुढे तेच शब्द उचलून स्वतःसाठी कसे वापरले, हे त्या पानावर लिहायचं. आमच्या बैठकीत एका बाईने इथल्या अहिराणी बोलीत सरळ विचारलं होतं, “आमनं नाव त्या यादीमा शे का?” म्हणजे, आमचं नाव त्या यादीत आहे का? वहीच्या प्रत्येक पानावर हाच प्रश्न विचारत जा. पाश्चात्त्य लोकशाहीच्या इतिहासात याहून कामाचा प्रश्न मला सापडलेला नाही.

सुरुवात अथेन्सपासूनच करा, पण संगमरवरी खांबांच्या चित्रांनी करू नका. कर्जापासून करा. इ.स.पू. ५९४ च्या सुमारास अथेन्सचे गरीब शेतकरी कर्जात इतके बुडाले होते की ते फिटलं नाही तर माणूस गुलाम म्हणून विकला जाई. सोलोनच्या हाती कारभार आला तेव्हा त्याने ती कर्जं रद्द केली आणि माणसाचं शरीर तारण ठेवून कर्ज देण्यावर बंदी घातली. सोलोन कवी होता. आपण काळ्या मातीत जागोजागी रोवलेले दगड उपटून टाकले, जी भूमी दासी होती ती मोकळी केली, असं त्याने स्वतःच्या कवितेत लिहून ठेवलंय. ते दगड म्हणजे जमिनीवरच्या कर्जाची खूण, असं मानतात. हे वाचून दाखवताना सातबाऱ्याचा एक उतारा हातात ठेवा आणि ‘इतर अधिकार’ या रकान्यात लिहिलेला बोजा दाखवा. खानदेशातल्या काळ्या मातीच्या माणसाला यापुढे सोलोन समजावून सांगावा लागत नाही. जमिनीचं फेरवाटप मात्र सोलोनने केलं नाही, हेही सांगा. गरिबांची मागणी तीच होती. ती अपुरी राहिली म्हणून पुढचा इतिहास घडला.

दुसऱ्या संध्याकाळी क्लेइस्थेनीस घ्या, साल इ.स.पू. ५०८. याच्यावर पाठ्यपुस्तकं एक ओळ खर्च करतात. मी पूर्ण बैठक देते, कारण गावातल्या राजकारणाला तो थेट लागू पडतो. अथेन्समध्ये जुन्या घराण्यांची पकड होती. माणूस कोणाचा, तर अमक्या कुळाचा. क्लेइस्थेनीसने दहा नवे गट पाडले आणि प्रत्येक गटात शहराचा एक भाग, किनाऱ्याचा एक आणि आतल्या मुलखाचा एक असे तीन तुकडे एकत्र बांधले. नागरिकाची नोंद कुळात राहिली नाही, ती त्याच्या गावात किंवा वस्तीत होऊ लागली. अशा वस्त्या १३९ होत्या.

हे करून बघता येतं. बैठकीला आलेल्यांची नावं कागदावर आधी भावकीप्रमाणे लिहा. मग तीच नावं गावठाण, मळे आणि भिल्ल वस्ती अशी तीन ठिकाणांहून एकेक घेऊन नव्या गटांत मांडा. प्रत्येक गटाला एक प्रश्न द्या, उदाहरणार्थ पाण्याची टाकी कुठे बांधायची. भावकीच्या गटाचं उत्तर आणि मिसळलेल्या गटाचं उत्तर वेगळं येतं. ते का आलं, यावर लोकांना बोलू द्या. इथे शिक्षकाने गप्प बसावं.

अथेन्समध्ये पाचशे जणांचं मंडळ होतं, प्रत्येक गटातून ५०, आणि ही माणसं मतदानाने नाही तर चिठ्ठी टाकून निवडत. भिशीत ज्याची चिठ्ठी निघेल त्याची पाळी, तसंच. एका माणसाला उभ्या आयुष्यात दोनदाच ही पाळी मिळे. सेनापती मात्र मत देऊन निवडत, कारण लढाई चिठ्ठीवर सोडता येत नाही. तुमच्या गावातली कोणती कामं चिठ्ठीने वाटता येतील आणि कोणती नाहीत, हे विचारा. यावर वाद रंगतो आणि रंगू द्यावा.

मग खापरांचा खेळ. पुरणाचे मांडे भाजायचं फुटकं खापर कोणाच्या तरी घरी असतंच, नाही तर कुंभाराकडे तुकडे मिळतात. अथेन्सचे नागरिक वर्षातून एकदा ठरवत की यंदा कोणाला हद्दपार करायचं का. हो म्हटलं तर प्रत्येक जण खापराच्या तुकड्यावर एक नाव कोरी. एकूण ६००० तुकडे जमले तर सगळ्यात जास्त मतं पडलेल्याला दहा वर्षं शहर सोडावं लागे. त्याची मालमत्ता त्याचीच राही. खेळ घेताना गावातल्या खऱ्या माणसाचं नाव कोणाला लिहू देऊ नका. मंडळ तिथेच मोडेल. ॲरिस्टायडीस आणि थेमिस्टोक्लीस या अथेन्सच्या पुढाऱ्यांची दोनच नावं द्या.

ॲरिस्टायडीसची गोष्ट प्लुटार्क या जुन्या ग्रीक चरित्रकाराने सांगितलेली आहे. एका अडाणी शेतकऱ्याने त्याला न ओळखता त्याच्याच हाती खापर दिलं आणि “यावर ॲरिस्टायडीस लिही” म्हणाला. त्याने तुझं काय वाईट केलं, असं विचारल्यावर उत्तर आलं, “काही नाही, पण जो तो त्याला न्यायी न्यायी म्हणतो ते ऐकून कंटाळा आला.” ॲरिस्टायडीसने काही न बोलता आपलं नाव लिहून दिलं. यानंतर विहिरीची हकिकत सांगा. अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीच्या उत्तर उतारावर एका विहिरीत थेमिस्टोक्लीसचं नाव कोरलेली सुमारे १९० खापरं सापडली. अक्षर तपासलं तर ती मोजक्याच हातांनी लिहिलेली निघाली. म्हणजे कोणीतरी आधीच तयार करून वाटायला ठेवली होती. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट ऐकून आमच्या म्हाताऱ्या मंडळींनी माना डोलावल्या. लोकशाहीचे आजारही तिच्याइतकेच जुने आहेत, हे पोरांनी लवकर शिकलेलं बरं.

आता वहीचं पान भरा. बाहेर कोण? स्त्रिया, गुलाम आणि बाहेरगावाहून येऊन राहिलेले लोक. इ.स.पू. ४५१ मध्ये पेरिक्लीसने कायदा केला की आई आणि वडील दोघंही अथेन्सचे असतील तरच मूल नागरिक. ज्या ॲरिस्टॉटलने राज्यपद्धतींवर एवढं लिहिलं, तो अथेन्समध्ये परका होता. त्याला तिथे मत नव्हतं.

या टप्प्यावर दोन प्रकारची माणसं बोलायला उठतात. एक म्हणतात, लोकशाही आपल्याला इंग्रजांनी दिली. दुसरे म्हणतात, आपल्याकडे सगळं आधीच होतं. दोघांनाही थांबवू नका, पण पुढची बैठक याच्यावर घ्या. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध भिक्खू संघाचे नियम आठवण करून दिले: बसायची रीत, ठराव मांडायची रीत, गणसंख्या, मतमोजणी. संघात मत मोजायला लाकडी शलाका वापरत. तुरीच्या काड्या दोन रंगांत रंगवून आणा आणि एक ठराव तसा मंजूर करून बघा. ही लोकशाहीची पद्धत भारताने गमावली, असंही बाबासाहेबांनी त्याच भाषणात सांगितलं. हे वाक्य सोडून फक्त अभिमानाचा भाग वाचू नका. माझं मत असं की बीज अनेक ठिकाणी पडलं होतं. कुठे उगवलं, कुठे जळालं आणि का, हा खरा अभ्यास आहे.

रोमला अर्धी संध्याकाळ पुरे. सामान्य लोक शहर सोडून टेकडीवर जाऊन बसले आणि त्यातून त्यांना स्वतःचे प्रतिनिधी मिळाले. कायदा बारा पाट्यांवर लिहून सर्वांसमोर लावला गेला, म्हणजे तो मोजक्या घराण्यांच्या तोंडी राहिला नाही. एवढं वहीत आलं की पुढे चला.

मॅग्ना कार्टा, म्हणजे इंग्लंडच्या राजाने दिलेली सनद, वाचताना मात्र घाई नको. १५ जून १२१५, टेम्स नदीकाठचं रनीमीडचं कुरण. राजा जॉन आणि त्याचे सरदार, भांडण करावरून आणि लढाईच्या खर्चावरून. या सनदेत ६३ कलमं मोजतात. सगळी वाचू नका, चार वाचा. एकोणचाळीसावं: स्वतंत्र माणसाला त्याच्या बरोबरीच्यांच्या न्यायनिवाड्याशिवाय किंवा देशाच्या कायद्याशिवाय पकडायचं नाही. चाळीसावं: न्याय विकायचा नाही, नाकारायचा नाही, लांबवायचा नाही. आठवं: विधवेला तिच्या मनाविरुद्ध लग्न करायला लावायचं नाही. पस्तीसावं: धान्य आणि दारू मोजायचं माप सगळ्या राज्यात एक. हे मापाचं कलम पुस्तकं सहसा गाळतात, पण ज्याने कापूस विकताना काट्यावर नजर ठेवलेली आहे, त्याला हक्काचा अर्थ तिथेच कळतो. त्या काळी इंग्लंडमधले बहुसंख्य शेतकरी ‘स्वतंत्र माणूस’ या व्याख्येत बसतच नव्हते. शिवाय पोपने काही आठवड्यांतच ती सनद रद्द ठरवली. पुढच्या राजांना ती पुन्हा पुन्हा द्यावी लागली म्हणून ती टिकली. याच बैठकीत आपल्या संविधानाचं एकविसावं आणि बाविसावं कलम शेजारी ठेवून वाचा.

त्यानंतर पुटनी. माझी सगळ्यात आवडती बैठक. इंग्लंडच्या राजाविरुद्ध लढलेलं सैन्य १६४७ च्या ऑक्टोबर अखेरीस लंडनजवळच्या पुटनी गावात वाद घालत बसलं: आता मत कोणाला? कर्नल रेन्सबरो म्हणाला, इंग्लंडमधल्या सगळ्यात गरीब माणसालाही सगळ्यात मोठ्या माणसासारखंच आपलं आयुष्य जगायचं आहे, म्हणून ज्या सरकारखाली राहायचं त्याला त्याची संमती हवी. त्याच सैन्यातला वरिष्ठ अधिकारी आयर्टन म्हणाला, ज्याची या देशात जमीनजुमल्यात कायमची गुंतवणूक आहे त्यालाच मत. हा सगळा वाद लिहून घेतलेला होता आणि ती टिपणं दोन शतकांहून जास्त काळ बाहेर आलीच नाहीत.

आपल्या गावात हे दोघंही आजही हजर आहेत. विविध कार्यकारी सोसायटीच्या निवडणुकीत सभासदच मत देतो, आणि सभासद म्हणजे बहुतेक जमीनवाला. ग्रामपंचायतीला प्रत्येक प्रौढ माणूस मत देतो. हे आधी फळ्यावर मांडा आणि मग वाद लावा. एक युक्ती सांगते. रेन्सबरोची बाजू बागायतदाराला द्या आणि आयर्टनची बाजू शेतमजुराला. आपल्या फायद्याच्या विरुद्ध बाजू नीट मांडावी लागली की माणूस विचार करायला लागतो. पुटनीत तरी स्त्रियांचं नाव कोणी काढलं का, हा प्रश्न कोणीतरी विचारेलच. नव्हतं काढलं. ब्रिटनमध्ये स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मत मिळालं १९२८ ला.

अमेरिका कापसातून शिकवा. ४ जुलै १७७६ च्या जाहीरनाम्यात सगळी माणसं समान जन्मली आहेत असं लिहिलं गेलं, आणि लिहिणाऱ्या थॉमस जेफरसनकडे गुलाम होते. १७८७ च्या राज्यघटनेत प्रतिनिधींची संख्या ठरवताना गुलाम माणूस तीन पंचमांश मोजला. ५ जुलै १८५२ ला स्वतः गुलामीतून पळून आलेला फ्रेडरिक डग्लस उभा राहिला आणि त्याने विचारलं, तुमचा हा स्वातंत्र्यदिन गुलामाच्या काय कामाचा? १८६१ ला यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला आणि इकडे खानदेशच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. त्याच काळात रेल्वेही या भागात पोचत होती. १८६५ ला युद्ध संपलं आणि भाव कोसळला. कापसाअभावी मँचेस्टरच्या गिरण्या बंद पडून कामगार उपाशी होते, तरी त्यांच्या सभेने १८६२ च्या शेवटच्या दिवशी लिंकनला पाठिंब्याचं पत्र पाठवलं. पोटावर पाय आला असताना दुसऱ्याच्या गुलामीविरुद्ध उभं राहिलेल्या त्या गिरणी कामगारांची गोष्ट प्रत्येक कापूस उत्पादकाच्या मुलाला माहीत असायला हवी, असं मला फार वाटतं. आणि १८७३ ला महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केलं, ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. बाहेरच्यांनी शब्द उचलणं ते हेच.

फ्रान्सचे सगळे क्रांतिदिवस सांगत बसू नका. २६ ऑगस्ट १७८९ चा सतरा कलमांचा जाहीरनामा वाचा. त्यातलं तिसरं कलम म्हणतं की सार्वभौम सत्ता राष्ट्रात आहे. राजाची प्रजा इथे राष्ट्र झाली. पण राष्ट्र म्हणजे कोण? ऑलिम्प द गूज या लेखिकेने १७९१ ला स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला: स्त्रीला वधस्तंभावर चढायचा हक्क आहे, तर व्यासपीठावर चढायचाही असला पाहिजे. १७९३ ला तिला गिलोटिनवर मारलं. फ्रेंच स्त्रियांना मत मिळालं १९४४ ला. स्वित्झर्लंडमध्ये देशपातळीवर स्त्रियांना मत मिळालं १९७१ ला, म्हणजे आपल्या आज्या तेव्हा चार-पाच लोकसभा निवडणुकांत मत देऊन आल्या होत्या. हे ऐकल्यावर आमच्या बैठकीतल्या बायका ताठ बसल्या. फ्रान्सच्याच ताब्यातल्या हैतीत गुलामांनी १७९१ ला उठाव केला आणि १ जानेवारी १८०४ ला देश स्वतंत्र केला. जाहीरनाम्याचा सगळ्यात खरा अर्थ त्यांनी लावला, असं मी मानते.

राष्ट्रीय अस्मितेची बैठक अहिराणीत घ्या. मुद्दाम. १७९४ ला अ‍ॅबे ग्रेग्वारने फ्रान्सच्या प्रतिनिधींपुढे अहवाल वाचला: किमान ६० लाख फ्रेंच लोकांना फ्रेंच येतच नाही, आणि ती शुद्ध बोलणारे ३० लाखांपेक्षा जास्त नाहीत. त्याचा उपाय होता बोली संपवण्याचा. पुढे शाळांनी तेच काम केलं. इटली १८६१ ला एक झाली तेव्हाही प्रमाण इटालियन बोलणारे मूठभर होते. राष्ट्र आधी आणि भाषा मागून, असं युरोपात वारंवार झालेलं आहे. शाळेच्या फाटकातून आत शिरताना ज्यांनी ज्यांनी जीभ बदलली, त्यांना इथे बोलतं करा. आमच्या लहानपणी वर्गात अहिराणी शब्द निसटला की पोरं हसत. मी शिक्षिका झाल्यावर मुलांना अहिराणीतून उत्तर द्यायची मुभा ठेवली आणि त्यात कोणाच्या मराठीचं काही बिघडलं नाही. एकाच राष्ट्राचं असायला एकाच तऱ्हेने बोलावं लागतं का, हा प्रश्न वहीत मोठ्या अक्षरांत लिहा.

त्याच्याखाली अर्नेस्ट रेनाँ या फ्रेंच विचारवंताचं नाव लिहा. ११ मार्च १८८२ ला सोरबॉन विद्यापीठातल्या व्याख्यानात तो म्हणाला की वंश, भाषा, धर्म यांपैकी कशानेच राष्ट्र बनत नाही. एकत्र भोगलेल्या आठवणी आणि एकत्र राहायची रोजची संमती, यांनी ते बनतं. राष्ट्राला काही गोष्टी विसराव्या लागतात, असंही तो म्हणाला. बाबासाहेबांनी पाकिस्तानच्या प्रश्नावर लिहिताना रेनाँचा आधार घेतला आहे. विसरण्याच्या मुद्द्यावर मी रेनाँशी सहमत नाही. जो सोसतो त्याला विसर म्हणणं सोपं असतं. पण मंडळात हे मत शेवटी मांडा, आधी नाही.

शक्य असेल तर एक दिवस एसटीने भुसावळमार्गे फैजपूरला जाऊन या. डिसेंबर १९३६ मध्ये तिथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. अध्यक्ष पंडित नेहरू, मंडपाची सजावट नंदलाल बोस यांची. तेव्हा आपल्याकडे मत मालमत्ता आणि शिक्षण बघून मिळत असे, म्हणजे राज्य आयर्टनचं होतं. फैजपूरच्या ठरावात प्रौढ मतदानाने निवडलेली संविधान सभा मागितली आहे. केळीच्या बागांमध्ये उभं राहून तो ठराव मोठ्याने वाचा आणि वाचायला रेन्सबरोची बाजू मांडणाऱ्यालाच सांगा.

शेवटची बैठक १ मेच्या ग्रामसभेला जोडा. गणपूर्ती माहीत करून घ्या: एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. अथेन्सला काही ठरावांसाठी ६००० लागत. आधी महिलांची ग्रामसभा होते. तिला बचत गटाच्या बायकांनी आपला एक तरी विषय लिहून द्यावा. सभेला वही घेऊन जा. कोण बोललं, कोण आलं पण बोललं नाही, कोणाच्या वस्तीत सभेची दवंडी पोचलीच नाही, हे एका पानावर टिपा. सभा उठली की ठरावाची नक्कल लेखी अर्ज करून मागा, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या आणि ती पोच त्याच पानाला चिकटवा.